पहिले दोन आठवडे काहीच नाही, मग तिसऱ्या आठवड्यात तोंड का येतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांना जिभेच्या मागच्या भागाचा कॅन्सर आहे. रोज २ ग्रे (ग्रे हे रेडिएशनची मात्रा मोजायचं एकक) असं ३३ वेळा, म्हणजे एकूण ६६ ग्रे रेडिएशन ठरलंय. पहिले दोन आठवडे त्यांना काहीच जाणवलं नाही. आता १५ वेळा घेऊन झाल्यावर तोंड आलंय, गिळताना डोळ्यांत पाणी येतं, मानेची कातडी काळवंडलीय. त्यात तुम्ही वाचलंत की ४-५ ग्रेमध्ये माणूस दगावतो, आणि बाबांना तर आत्ताच ३० ग्रे देऊन झाले. मशीनमध्ये काही बिघाड आहे का, आठवडाभर थांबून अंगाला विश्रांती द्यावी का, आणि नातीला त्यांच्या मांडीवर बसू द्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

प्रश्न तीन-चार दिसतात, पण तुम्हाला मुळात एकच गोष्ट छळतेय असं मला वाटतं: बाबांचं दिवसेंदिवस नुकसान होतंय आणि आपण ते डोळ्यांदेखत होऊ देतोय का? मी गेली २२ वर्षं रेडिएशनच्याच विभागात काम करतोय, आणि तिसऱ्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक घरातून हाच प्रश्न येतो. म्हणून शेवटचं उत्तर आधीच देतो. तुमच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकही दिवस चुकवू नका. मशीन बिघडलेलं असण्याची शक्यता फार कमी आहे; तुम्ही सांगताय ते सगळं अगदी वेळेवर घडतंय. नातीला खुशाल मांडीवर बसू द्या.

मी बाबांना तपासलेलं नाही, हे लक्षात ठेवा. सोबत केमो चालू आहे का, मधुमेह आहे का, तोंडाचा किती भाग किरणांच्या वाटेत येतो, वजन किती उतरलंय, यावर त्रासाचा जोर बराच बदलतो. पण त्रास कधी सुरू होतो आणि का होतो, याचं कारण सगळ्यांमध्ये एकच असतं, आणि ते नीट समजलं की निम्मी भीती कमी होते.

बरेच लोक रेडिएशनला ‘शेक’ म्हणतात. शब्द रुळलेला आहे, मीही वापरतो, पण त्याने एक गैरसमज होतो. शेक म्हटलं की उष्णता डोळ्यांसमोर येते आणि तोंडातले फोड म्हणजे भाजल्याचे फोड वाटतात. इथे उष्णतेचा काही संबंध नाही. ग्रे म्हणजे एक किलो वजनाच्या शरीरात एक ज्यूल ऊर्जा. ७० किलोच्या माणसाच्या पूर्ण अंगावर ४ ग्रे पडले तर एकूण २८० ज्यूल होतात. त्याने शरीराचं तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकं वाढेल. ६० अंशांचं चमचाभर पाणी प्यायलात तर त्याहून जास्त उष्णता पोटात जाते. तरीही ते चमचाभर पाणी काही करत नाही आणि ४ ग्रे जीव घेऊ शकतात. फरक ऊर्जा किती, यात नाही. ती कशी पोचते, यात आहे.

उष्णता सगळ्या रेणूंमध्ये सारखी वाटली जाते. प्रत्येकाच्या वाट्याला इतकी थोडी येते की कोणीच मोडत नाही. आयनीकारक किरण मात्र ऊर्जा ठिकठिकाणी गठ्ठ्याने टाकतात. अशा एका गठ्ठ्यात एखाद्या रेणूतून इलेक्ट्रॉन उखडून काढण्याइतका जोर असतो. पेशीत बहुतांश पाणीच असतं, त्यामुळे मार बहुधा पाण्याच्या रेणूलाच बसतो. तो फुटून जे तुकडे होतात त्यांना मुक्तमूलकं म्हणतात, त्यातलं हायड्रॉक्सिल सगळ्यात खुनशी. त्याचं आयुष्य क्षणाच्याही अगदी नगण्य अंशाइतकं असतं, पण तेवढ्यात डीएनए जवळ असेल तर ते त्यावर तुटून पडतं. क्ष-किरणांमुळे डीएनएचं जे नुकसान होतं त्यातलं साधारण दोन-तृतीयांश असं पाण्याच्या मार्फत होतं, उरलेलं थेट माराने.

१ ग्रे मिळाला की एका पेशीच्या डीएनएत साधारण हजार ठिकाणी एकेरी धागा तुटतो आणि ३० ते ४० ठिकाणी दोन्ही धागे एकदम तुटतात. बाबांना रोज याच्या दुप्पट. मशीन चालू असतं ती काही मिनिटं. रसायनशास्त्राचा सगळा भाग तेवढ्यातच उरकतो. बाबा टेबलावरून उठून चपला घालेपर्यंत त्या दिवसाचे घाव घालून झालेले असतात. पुढे जे काही होतं ते पेशी त्या घावांचं काय करते, त्यावर.

आणि पेशी बरंच काही करते. एकेरी धाग्याची तूट तिच्यासाठी रोजचं काम आहे; समोरचा शाबूत धागा पाहून ती जोडून टाकते. दुहेरी तूट अवघड. तीही बहुतेक वेळा जुळते, पण कधी कधी चुकीची टोकं एकमेकांना जोडली जातात. एका गुणसूत्राचा, म्हणजे डीएनएच्या एका गुंडाळीचा, तुकडा दुसऱ्याला चिकटतो, किंवा दोन मध्यबिंदू असलेलं एक विचित्र गुणसूत्र तयार होतं. अपघातात सापडलेल्या माणसाच्या रक्तात अशी गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली मोजून त्याला किती मात्रा मिळाली याचा अंदाज काढतात, इतकी ती खूण भरवशाची आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. असं गुणसूत्र घेऊन बसलेली पेशी लगेच मरत नाही. ती खाते-पिते, आपलं नेमून दिलेलं काम करते, बाहेरून पाहिलं तर ठणठणीत दिसते. विभाजनाची वेळ आली की मात्र तिचं बिंग फुटतं. दोन केंद्रांकडे ओढलं जाणारं ते गुणसूत्र धड वाटलंही जात नाही आणि सुटतही नाही, आणि पेशी तिथेच कोलमडते. घाव आज बसतो, मरण विभाजनाच्या दिवशी येतं. जी पेशी रोज विभागते ती दोन दिवसांत मरेल, जी वर्षाने विभागते ती वर्षभर तशीच जगेल. रेडिएशनचा परिणाम कधी दिसणार हे मशीन ठरवत नाही, त्या त्या पेशीचं घड्याळ ठरवतं. माझ्या कामातली ही एकच गोष्ट रुग्णाच्या घरच्यांना समजली तरी पुरे, असं मला नेहमी वाटतं.

बाबांच्या तोंडाचं पाहा. गालाच्या आतलं अस्तर म्हणजे पेशींचे थरावर थर. सगळ्यात खालच्या थरात मूळपेशी, त्या विभागतात; नव्या पेशी हळूहळू वर सरकतात, पृष्ठभागावर काही दिवस काम करतात आणि झडून जातात. हा फेरा साधारण एक-दोन आठवड्यांचा. रेडिएशनने खालच्या थरातली भरती बंद पाडली. वरच्या पेशींना त्याने काही होत नाही, कारण त्यांना आता विभागायचंच नाहीये. त्या आपली मुदत भरेपर्यंत टिकतात. म्हणून पहिले दोन आठवडे तोंड चांगलं होतं. निवृत्ती चालू आणि भरती बंद अशा कचेरीत सुरुवातीला कोणाच्या लक्षातही येत नाही, एक दिवस मात्र खुर्च्या रिकाम्या दिसू लागतात. तोंड आलंय ते तेव्हा.

मी दर आठवड्याला रुग्णाच्या तोंडात टॉर्च मारून पाहतो, तेव्हा हा क्रम डोळ्यांनी दिसतो. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पडजिभेच्या आजूबाजूला, मऊ टाळूवर लाली येते. रुग्ण म्हणतो, थोडं खरखरतंय, बाकी काही नाही. मग त्या लालीत मसुराएवढे पांढरट पिवळे ठिपके उमटतात. चौथ्या आठवड्यापर्यंत ते एकमेकांना मिळून पातळ सायीसारखा पापुद्रा होतो. नातेवाईक त्याला पू समजतात आणि बोटाला कापड गुंडाळून पुसायला जातात. तसं करू नका. तो पू नसतो, उघड्या पडलेल्या भागावर शरीराने घातलेलं पांघरूण असतं. ओढून काढलं तर खालून रक्त येतं. पापुद्र्याची कड किरणांच्या क्षेत्राच्या कडेशी किती बरोबर जुळते, हे मी प्रत्येक वेळी पाहतो. त्या रेषेपलीकडे गाल गुलाबी आणि निरोगी असतो. मशीन भलतीकडे मारा करत असतं तर ती रेषा अशी जागेवर दिसली नसती.

या घड्याळाची ओळख माणसाला फार आधी, आणि अंगावर घेऊनच झाली. किरणोत्सर्गाचा शोध लावणाऱ्या हेन्री बेकेरेल यांनी १९०१ साली रेडियमची नळी जाकिटाच्या खिशात ठेवली होती. खिशात असताना त्यांना काहीच जाणवलं नाही. काही दिवसांनी खिशाखालची कातडी लाल होऊन तिथे जखम झाली. १९०६ साली बर्गोनिए आणि ट्रिबोंदो या दोन फ्रेंच संशोधकांनी नियम मांडला की जी पेशी भराभर विभागते आणि अजून पुरती घडलेली नाही, ती किरणांना लवकर बळी पडते. नियम आजही बराचसा खरा आहे. त्याला एक ठळक अपवाद आहे, रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी. त्या विभागायची वाटही पाहत नाहीत, काही तासांतच स्वतःहून मरतात.

आता त्या ४-५ ग्रेबद्दल. तुम्ही वाचलं ते खरं आहे, पण तो आकडा पूर्ण शरीरावर एकदम पडलेल्या मात्रेचा आहे. वैद्यकीय मदत नसेल तर साधारण ४ ग्रेला निम्मी माणसं ६० दिवसांच्या आत दगावतात. ती मरतात कशाने? अंगातला सगळा अस्थिमज्जा, म्हणजे रक्त तयार करणारा कारखाना, एकाच वेळी बंद पडतो म्हणून. तिथेही घड्याळ तसंच चालतं. लिम्फोसाइट पहिल्या दोन दिवसांत घसरतात. प्लेटलेट ८-१० दिवस जगतात, त्यामुळे त्यांची चणचण नंतर भासते. लाल पेशी तर १२० दिवस जगतात. चेर्नोबिलच्या १९८६ च्या अपघातात १३४ कामगारांना आणि अग्निशामकांना तीव्र किरणोत्सर्गाचा आजार झाला आणि त्यातले २८ जण पहिल्या काही महिन्यांत गेले. अशा आजारात सुरुवातीला उलट्या होतात, मग त्या थांबतात आणि माणसाला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे बरं वाटतं. तो काळ म्हणजे जुना साठा संपण्याचा काळ. मात्रा १० ग्रेच्या वर गेली तर रक्ताची पाळी येण्याआधी आतडं हरतं, कारण लहान आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत बदलतं. अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या अणुप्रयोगशाळेत १९४६ साली लुई स्लॉटिन या शास्त्रज्ञाला प्लुटोनियमच्या अपघातात अशीच प्रचंड मात्रा मिळाली. तो नऊ दिवसांनी गेला.

बाबांच्या बाबतीत मुठीएवढा भाग सोडला तर बाकी शरीराला त्या मानाने फारच थोडं मिळतंय. मज्जा मुख्यतः कंबरेच्या हाडांत, मणक्यांत, बरगड्यांत असतो आणि तो जवळजवळ सगळा किरणांच्या वाटेबाहेर आहे. म्हणून ३० ग्रे होऊनही ते स्वतःच्या पायांनी रुग्णालयात येतात. ‘अंगात ३० गेले’ हा शब्दप्रयोगही डोक्यातून काढून टाका. साठवून ठेवलेलं असं काही नसतं. ते एका जागेवर झालेल्या घावांचं मोजमाप आहे.

पण त्या मुठीएवढ्या भागातही कातडी आहे, स्नायू आहेत, जबड्याचं हाड आहे, मागे मज्जारज्जू आहे. मग ६६ त्यांना कसे झेपतात? इथे विभागून देण्याचं महत्त्व येतं. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये क्लोद रेगो या संशोधकांनी नर मेंढ्यांवर प्रयोग केले. मेंढा वांझ व्हावा इतकी मात्रा एका दमात दिली तर वृषणावरची कातडी जळून जायची. तीच थोडी थोडी करून दिवसांमध्ये विभागून दिली तर मेंढा वांझ व्हायचा आणि कातडी बऱ्यापैकी सावरायची. आमचा आजचा रोजचा कार्यक्रम, सोमवार ते शुक्रवार, त्या मेंढ्यांपासून सुरू होतो.

यामागचं कारण दुरुस्तीत आहे. थोडी मात्रा दिली की निरोगी पेशी सहा-आठ तासांत बहुतेक तुटी जोडून घेते. गाठीतल्या पेशीची दुरुस्तीची यंत्रणा बहुधा बिघडलेली असते, आणि तिला विभागायची घाईही असते. रोजचा फरक छोटा, पण तो ३३ वेळा एकावर एक चढतो. नसा, मज्जारज्जू, अवयवांना बांधून ठेवणाऱ्या संयोजी ऊती अशा सावकाश विभागणाऱ्या अवयवांना तर एका वेळी किती दिलं हे एकूण किती दिलं याइतकंच महत्त्वाचं असतं. म्हणूनच नुसता एकूण आकडा पाहून तुलना करू नका. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हल्ली ४० ग्रे १५ वेळांत देतात, काही ठिकाणी २६ ग्रे ५ वेळांतच. शेजारच्या कोणाला ४० दिले म्हणून बाबांना ६६ जास्त झाले, असा हिशेब होत नाही.

आता थांबण्याबद्दल. हा भाग जरा सावकाश वाचा, कारण तुमचा निर्णय इथे आहे.

एक घन सेंटिमीटरच्या गाठीत ढोबळमानाने शंभर कोटी पेशी असतात असं धरू. २ ग्रेच्या एका वेळेला त्यातल्या साधारण निम्म्या मरणपंथाला लागतात. दुसऱ्या दिवशी उरलेल्यांतल्या निम्म्या. तिसऱ्या दिवशी त्यातल्या निम्म्या. संख्या ठरलेली नाही, वाटा ठरलेला आहे. असं ३० वेळा केलं की शंभर कोटींची एक पेशी उरते. उरलेले तीन डोस त्या एकीसाठी असतात. प्रत्यक्ष गाठ यापेक्षा मोठी असेल, निम्म्याऐवजी कमीजास्त मरत असतील. आकडे कागदावरचे आहेत, पण गाठ अशीच उतरते, आणि शेवटचे चार-पाच डोस पहिल्या चार-पाचांइतकेच का लागतात हे त्यातून कळतं. ‘गाठ हाताला लागत नाही, आता कशाला?’ असं मला अनेक जण विचारतात. हाताला न लागणारी गाठ म्हणजे लाखो पेशीही असू शकतात.

१५ डोसनंतर आपल्या हिशेबात साधारण ३० हजार पेशी उरल्या. त्या गप्प बसत नाहीत. डोक्या-मानेच्या या प्रकारच्या कॅन्सरमध्ये उपचार सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की उरलेल्या पेशी पूर्वीपेक्षा जास्त वेगाने विभागू लागतात. तीन-चार दिवसांत त्या दुप्पट होतात असं धरलं, तर आठवडाभराच्या विश्रांतीत ३० हजारांच्या सव्वा लाख. म्हणजे आधी सोसलेले दोन डोस पाण्यात. सगळ्या अभ्यासांचा सूर असा आहे की एक दिवस लांबला तर गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण १ ते १.५ टक्क्याने घटते. विश्रांती तोंडाला मिळते तशीच गाठीलाही मिळते, आणि तोंडापेक्षा ती तिचा फायदा जास्त उठवते.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतले एक गृहस्थ मला आठवतात. अठराव्या डोसनंतर त्यांनी घरीच ठरवलं की तोंड बरं होईपर्यंत जायचं नाही. बारा दिवसांनी आले तेव्हा तोंड खरंच सुधारलं होतं, चेहऱ्यावर समाधान होतं. उरलेले डोस त्यांनी पूर्ण केले. आठ महिन्यांत गाठ त्याच जागी पुन्हा आली. त्या बारा दिवसांमुळेच आली असं एका माणसाबद्दल कोणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण तेव्हापासून कोणी एक दिवस जरी आला नाही तर त्याच संध्याकाळी मी स्वतः फोन करतो.

कधी कधी थांबणं भागही असतं. पाणीही गिळता येत नसेल, ताप असेल, पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या असतील, तर तुमचे डॉक्टर स्वतःच थांबवतील. मशीन बंद पडतं, सुट्ट्या येतात. अशा वेळी राहिलेला दिवस भरून काढायचे मार्ग असतात: शनिवारी बोलावणं, किंवा एकाच दिवशी दोन डोस, मध्ये किमान सहा तास ठेवून. ते सहा तास दुरुस्तीसाठी, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. म्हणून दिवस चुकलाच तर ‘हा कसा भरून काढणार?’ हे जरूर विचारा.

थांबायचं नाही याचा अर्थ दातओठ खाऊन सोसायचं असा नाही. वेदनेवर औषध मागायला लाजू नका. तोंड आल्यावर लागणारं औषध साध्या गोळीपासून मॉर्फिनपर्यंत जातं आणि या चार-सहा आठवड्यांसाठी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ते घेतल्याने माणूस सहसा व्यसनी होत नाही. जेवणाआधी वीस-तीस मिनिटं औषध दिलं तर घास उतरतो. मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या दिवसातून सहा-आठ वेळा, मऊ ब्रश, तिखट आणि आंबट बंद, दारू आणि स्पिरिट असलेलं माउथवॉशही बंद. वजन दर आठवड्याला मोजा. मुद्दाम सांगतो, कारण वजनाचा संबंध निशाण्याशीही आहे. बाबांच्या चेहऱ्यावर जाळीचा मास्क बसवतात ना, तो पहिल्या दिवशीच्या चेहऱ्यावरून घडवलेला असतो. गाल आत गेले की मास्क ढिला होतो. गालाजवळ बोट सहज शिरायला लागलं की टेक्निशियनला लगेच सांगा. फार ढिला झाला तर नवा करून आखणी पुन्हा करावी लागते. नाकातून नळी घालायची वेळ आली तर ती हार समजू नका. नळी घालून ३३ पूर्ण केलेला माणूस मला नळी न घालता २२ वर थांबलेल्यापेक्षा केव्हाही बरा वाटतो.

बाबा अजून विडी-सिगारेट किंवा तंबाखू घेत असतील तर आज बंद व्हायला हवी, आणि यामागेही जीवशास्त्र आहे. मुक्तमूलकाने डीएनएला केलेली जखम ऑक्सिजनमुळे पक्की होते. ऑक्सिजन नसेल तर ती बऱ्याचदा आपोआप भरून निघते. ज्यांच्या नावाने ग्रे हे एकक आहे त्या लुई हॅरल्ड ग्रे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली यावर पायाभूत काम मांडलं. ऑक्सिजनविना गुदमरलेली पेशी मारायला अडीच ते तीनपट मात्रा लागते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी करतो, म्हणजे गाठीला आपणच आडोसा देतो. हिमोग्लोबिनवर आमचं लक्ष असतं तेही याच कारणाने.

याच्याच उलट बाजूने एक सावधगिरी. ताकदीच्या नावाखाली अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या देऊ नका. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रेडिएशन घेताना व्हिटॅमिन ई आणि बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांना त्रास कमी झाला, पण गाठ परत येण्याकडे कल जास्त दिसला. मुक्तमूलकं गिळणारी गोळी निरोगी पेशी आणि कॅन्सरची पेशी असा भेद करत नाही. रोजच्या जेवणातून मिळतं तेवढ्याची काळजी नको.

नातीबद्दल. बाबांचं रेडिएशन बाहेरच्या मशीनमधून येतं. बटण बंद झालं की किरण थांबतात. अंगात, कपड्यांत, लाळेत काहीही उरत नाही. त्यांचा पेला, टॉवेल, अंथरूण वेगळं ठेवायची गरज नाही. ज्यांना थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन पाजतात किंवा ज्यांच्या शरीरात किरणोत्सारी बिया कायमच्या बसवतात, त्यांना मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून काही काळ दूर राहायला सांगतात, आणि ते योग्य आहे. तुम्ही बहुधा त्यांच्याविषयी ऐकलं असावं. या दिवसांत जेवणाची चव गेलेली असते, बोलवत नसतं, माणूस आतून खचतो. अशात नातही दूर केली तर फार वाईट होतं. तिला सर्दी-खोकला असेल तेवढे दिवस मात्र जपा. ते तिच्यासाठी नाही, त्यांच्यासाठी.

सावकाश चालणाऱ्या घड्याळांबद्दलही आत्ताच सांगून ठेवतो, कारण त्यातल्या काहींची तयारी आजपासून करता येते. लाळग्रंथी या नियमात पूर्ण बसत नाहीत. त्या फारशा विभागत नाहीत तरी पहिल्या आठवड्यातच लाळ घटते. कानाखालच्या ग्रंथीला सरासरी २५ ग्रेच्या आत ठेवता आलं तर वर्ष-दोन वर्षांत लाळ बरीचशी परत येते. आखणी करताना आम्ही तासन्‌तास त्यासाठी घालवतो. मज्जारज्जूला ४५ ते ५० ग्रेची मर्यादा पाळतात, आणि ती प्रत्येक प्लॅनवर तपासली जाते. जबडा हळूहळू आखडू शकतो, म्हणून तोंड उघडायचे व्यायाम दुखत असतानाही थोडे थोडे चालू ठेवा. जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कायमचा कमी होतो, त्यामुळे पाच वर्षांनीही दात काढायची वेळ आली तर दंतवैद्याला रेडिएशन झाल्याचं आधी सांगायचं. न सांगता काढलेल्या दाताची जागा कधी कधी भरत नाही आणि हाड उघडं पडतं. हे मी पाहिलंय, आणि ते टाळता आलं असतं.

रेडिएशनमुळे दुसरा कॅन्सर होतो का, हेही तुमच्या मनात असेल. होऊ शकतो. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या लोकांचा १९५० पासून चाललेला अभ्यास सांगतो की रक्ताचा कॅन्सर काही वर्षांत आणि बाकीचे दहा वर्षांनंतर, कित्येक दशकं, थोड्या जास्त प्रमाणात दिसतात. जी पेशी मेली तिचा प्रश्न मिटला. धोका असतो चुकीची दुरुस्ती घेऊन जिवंत राहिलेलीचा. लहान मुलांवर उपचार करताना हा विचार आम्ही फार गांभीर्याने करतो. बाबांच्या वयात, आणि आत्ता असलेल्या आजारापुढे, मी तो तराजूत टाकून उपचाराच्या बाजूनेच कौल देईन.

पुढच्या दिवसांची एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, नाहीतर घरात पुन्हा घबराट होते. तेहतिसावा डोस झाला की दुसऱ्या दिवशी बरं वाटत नाही. त्यानंतरचे आठ-दहा दिवस बहुधा सगळ्यात वाईट जातात, कारण भरती अजून सुरू झालेली नसते. मग टॉर्च मारल्यावर त्या पांढऱ्या पापुद्र्यात कुठेतरी टाचणीच्या डोक्याएवढी गुलाबी बेटं दिसतात; तिथे वाचलेल्या मूळपेशी पुन्हा कामाला लागलेल्या असतात. बेटं वाढत वाढत एकमेकांना मिळतात आणि तीन ते सहा आठवड्यांत तोंड झाकलं जातं. मानेची कातडी त्याआधीच सोलून खालून नवी येते. चव सगळ्यात उशिरा येते, दोन-तीन महिन्यांनी सुरू होऊन सहा महिने किंवा थोडा जास्त काळ घेते, आणि एकदम येत नाही. गोड लागायला लागलं असं ते एखाद्या दिवशी अचानक सांगतील.

उद्या जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा: वेदनेचं औषध वाढवता येईल का, वजन किती उतरलं तर नळीचा विचार करायचा, आणि एखादा दिवस चुकलाच तर तो कसा भरून काढणार. आणि सोळावा डोस वेळेवर घ्या.